आपत्तीग्रस्त मुलांचे सामूहिक घर

भूकंप, महापूर किंवा युद्ध यांत आई-वडील गमावलेल्या मुलास प्रथम अन्न, वस्त्र आणि निवारा लागतो. ही गरज समाजाच्या लवकर ध्यानात येते आणि मदतीचा ओघही सुरू होतो. मात्र त्या मुलाचे त्याहून मोठे काही हरवलेले असते. रोज दिसणारी तीच माणसे, तीच बोली, आपल्याला नावाने हाक मारणारे गाव, हे सारे एका दिवसात नाहीसे होते. ते पुन्हा कसे उभारावयाचे, या प्रश्नातून सामूहिक घराची कल्पना आकारास आली.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ साली ऑस्ट्रियातील इम्स्ट येथे हेर्मान ग्माइनर यांनी पहिले बालग्राम स्थापन केले. शेकडो मुलांना एकाच मोठ्या इमारतीत ठेवण्याऐवजी त्यांनी लहान घरे योजली. प्रत्येक घरात एक माता, तिच्याकडे निरनिराळ्या वयांची मुले, सख्खी भावंडे एकत्र, आणि अशा काही घरांचे मिळून एक गाव, अशी ही रचना होय. पुढे ती अनेक देशांत रुजली.

युद्धाने उखडलेल्या मुलांना आश्रय देण्याचा अनुभव महाराष्ट्रासही त्यापूर्वीच आला होता. कोल्हापूरजवळील वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक होती. तेथे मुलांना त्यांच्याच भाषेतून शिकवणाऱ्या शाळा होत्या. परक्या मुलुखातही त्यांचा स्वतःचा समाज त्यांच्याभोवती राहिला.

आपल्या जिल्ह्यावर हा प्रसंग ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ओढवला. अनंत चतुर्दशीची मिरवणूक आटोपून गावे निजली होती. किल्लारी, सास्तूर व परिसरातील जाड दगड-मातीच्या भिंती आणि वजनदार माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे आठ हजार माणसे दगावली आणि कित्येक मुले पोरकी झाली.

या मुलांसाठी निरनिराळे मार्ग अवलंबिले गेले. भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या शिक्षणाची सोय केली. नळदुर्ग येथे पन्नालाल सुराणा व राष्ट्र सेवा दलाचे कार्यकर्ते यांनी ‘आपलं घर’ उभारले. लातूर येथेही बालग्राम उभे राहिले. शहरात शिक्षणाच्या संधी अधिक मिळतात, तर जवळच्या घरात आजी-आजोबांची भेट आणि गावाशी नाते टिकते. दोन्हींचे मोल आहे. परंतु दूर गेलेल्या मुलाचा गावाशी संबंध तुटू नये, यासाठी वेगळे प्रयत्न करावे लागतात.

येथे एक व्यावहारिक बाब महत्त्वाची ठरते. शेतकऱ्याचे मूल पोरके झाले, तरी ते जमिनीचे वारस असते. सातबाऱ्यावर त्याच्या नावाची वारसनोंद झाली की नाही, मदतीची रक्कम त्याच्याच नावे ठेवली की नाही, हे वेळीच पाहिले नाही, तर मोठे झाल्यावर त्याला परतण्यास जागाच उरत नाही.

बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार मुलास संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे. प्रथम नातेवाईक व कुटुंब यांचा विचार व्हावा, असे त्याचे धोरण आहे. निर्णय जिल्ह्याची बालकल्याण समिती घेते. नातेवाइकांना सांभाळ करणे जड जात असेल, तर राज्याच्या बालसंगोपन योजनेतून साहाय्य मिळते. अठरा वर्षांनंतर संस्था सोडणाऱ्या तरुणांसाठी एकवीस वर्षांपर्यंत अनुरक्षणाची तरतूद आहे.

निवासी शाळेचे माजी विद्यार्थी व पालक यांना या प्रश्नाची एक बाजू चांगली ठाऊक आहे. दिवाळीची सुट्टी लागली की वसतिगृह रिकामे होते. परंतु ज्यास घरच नाही, ते मूल कोठे जाणार? नोकरीच्या पहिल्या अर्जावर, भाड्याच्या पहिल्या खोलीसाठी, लग्नाच्या बोलणीत त्याच्या बाजूने उभे राहणारे वडीलधारे माणूस कोण? ही उणीव इमारत किंवा देणगी यांनी भरून निघत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षे ओळख ठेवणारी माणसे लागतात, आणि ते काम आपल्यापैकी प्रत्येकास करता येण्याजोगे आहे.