ग्रंथालयांची सामायिक यादी

तुम्हांला एखादे पुस्तक हवे आहे. पण ते शाळेच्या ग्रंथालयात नाही, गावच्या वाचनालयातही नाही. कदाचित शेजारच्या तालुक्यात ते एखाद्या कपाटात धूळ खात पडलेले असेल. पण हे तुम्हांला सांगणार कोण? ग्रंथपालाला आपल्या ग्रंथालयातील पुस्तके ठाऊक असतात, दुसऱ्याची नसतात. पुस्तक आहे, वाचकही आहे, तरी दोघांची भेट होत नाही.

यावर अमेरिकेतील ओहायो राज्यात एक उपाय निघाला. सन १९६७ मध्ये तेथील ५४ महाविद्यालये एकत्र आली. फ्रेडरिक किल्गोर हे या कामाचे प्रमुख होते. एकाच पुस्तकाची नोंद प्रत्येक ग्रंथालयाने नव्याने करायची, यात वेळ आणि पैसा दोन्ही वाया जात. म्हणून सर्वांनी मिळून एक संगणक वापरायचे ठरले. एका ग्रंथपालाने नोंद केली, की इतरांनी 'हे पुस्तक आमच्याकडेही आहे' एवढेच कळवायचे. २६ ऑगस्ट १९७१ रोजी हे काम प्रत्यक्ष सुरू झाले. गंमत अशी, की श्रम वाचवण्यासाठी केलेल्या या यादीतून कोणते पुस्तक कोठे आहे, हेही कळू लागले. १९७९ पासून त्याच जाळ्यावरून ग्रंथालये एकमेकांकडे पुस्तके मागू लागली.

त्याच १९६७ साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. गावोगावच्या वाचनालयांना अनुदान देण्याची सोय त्यात आहे. पुढे दिल्लीत १९८८ मध्ये 'डेलनेट' आणि १९९१ मध्ये विद्यापीठांसाठी 'इन्फ्लिबनेट' सुरू झाले. त्यांचा उपयोग मुख्यतः महाविद्यालये व संशोधन संस्था यांना होतो. गावच्या लहान वाचनालयाला अशा सोयीची गरज अधिक असते, कारण त्याच्याकडे पुस्तके थोडी असतात.

मग एखाद्या जिल्ह्यासाठी अशी योजना आखायची तर सुरुवात कोठून करावी? माझ्या मते संगणकापासून नव्हे, नोंदीच्या नियमांपासून. मिर्झा गालिब यांचेच नाव घ्या. कोणी ते 'मिर्झा'खाली लिहील, कोणी 'गालिब'खाली, तर कोणी 'असदुल्ला खान' असे खरे नाव लिहील. उर्दू, देवनागरी आणि रोमन अशा तीन लिप्यांत नोंदी असल्या, तर गोंधळ आणखी वाढेल. एकाच कवीची पुस्तके यादीत चार ठिकाणी विखुरतील आणि शोधणारा रिकाम्या हाताने परत जाईल. म्हणून नावाचे एक रूप मुख्य धरून बाकीची रूपे त्याला जोडावी लागतात.

दुसरा प्रश्न विश्वासाचा. दूर पाठवलेले पुस्तक हरवले तर? साधारणपणे पुस्तक मागवणारे ग्रंथालयच त्याची भरपाई करते. टपालखर्च कोणी द्यायचा, पुस्तक किती दिवस ठेवायचे, हेही आधीच ठरवतात. दुर्मीळ ग्रंथ मात्र सहसा बाहेर देत नाहीत; हव्या असलेल्या पानांची छायाप्रत पाठवतात.