बायांचा संसार

थोर पुरुषांचीं चरित्रें आमच्याकडे पुष्कळ लिहिलीं गेलीं आहेत. त्यांत त्यांच्या पत्नींचा उल्लेख बहुधा दोन ठिकाणीं आढळतो; एक विवाहाच्या प्रकरणांत आणि दुसरा निधनाच्या. मधल्या पन्नास वर्षांत त्या घरीं चूल कोणीं पेटविली, मुलांचीं दुखणीं कोणीं काढलीं आणि महिन्याची अखेर कशी गांठली, याचा हिशेब चरित्रकार सहसा ठेवीत नाहींत. महर्षि अण्णासाहेब कर्वे यांच्या पत्नी कै. आनंदीबाई ऊर्फ बाया यांच्या बाबतींत मात्र तो उपलब्ध आहे. कारण तो त्यांनीं स्वतःच सांगून ठेविला. 'माझें पुराण' हें त्यांचें आत्मकथन १९४४ सालीं, त्या ऐंशीच्या घरांत असतांना, प्रसिद्ध झालें. त्याचें संपादन त्यांच्या सूनबाई कावेरीबाई यांनीं केलें. घरांतील वृद्ध स्त्री जुन्या गोष्टी सांगूं लागली म्हणजे 'झालें, आजीचें पुराण सुरू झालें' असें आपण हंसत म्हणतों. पुस्तकास हें नांव देतांना बायांच्या मनांत तोच मिश्किलपणा असावा, असें आम्हांस वाटतें.

बायांचें माहेरचें नांव गोदूबाई जोशी. देवरुखाकडील गरीब घरांतील ही मुलगी. आठव्या वर्षीं लग्न झालें आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत वैधव्य आलें. पति म्हणजे कोण हें उमजण्यापूर्वीच तो गेला. राहिले ते काबाडकष्ट, आणि ते दहापंधरा वर्षें पुरले. पुढें बंधु नरहरपंत मुंबईस होते, त्यांच्या बिऱ्हाडीं त्या आल्या. नरहरपंत हे अण्णासाहेबांचे स्नेही. ता. ११ मार्च १८८९ रोजीं पंडिता रमाबाईंनीं मुंबईस शारदासदन उघडलें, तेव्हां त्यांत दाखल होणारी पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. वय चोविसाच्या आसपास! आम्हीं आमचा सारा जन्म शिक्षकीच्या पेशांत घालविला. चोविसाव्या वर्षीं पाटी हातीं धरण्यास किती धैर्य लागतें, हें आम्हीं निराळें सांगावयास नको.

बरोबर चार वर्षांनीं, १८९३ च्या ११ मार्च रोजींच, पुण्यास अण्णासाहेबांशीं त्यांचा पुनर्विवाह झाला. अण्णासाहेबांच्या प्रथम पत्नी राधाबाई १८९१ सालीं वारल्या होत्या; त्यांचा मुलगा रघुनाथ या वेळीं अकरा वर्षांचा होता. अण्णासाहेबांच्या मुरूड गांवानें या दांपत्यावर बहिष्कार टाकला. मुलाला व सुनेला घरांत घेतलें तर आपणही वाळींत पडूं, ही धास्ती तेथील आप्तांच्या मानेवर बसली. बाहेरच्या निंदेपेक्षां उंबरठ्यावरचें हें परकेपण अधिक बोंचत असेल, हें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आमच्या वाचकभगिनी सहज जाणतील.

'योगक्षेम' हा सामासिक शब्द आम्ही वर्गांत फोडून सांगत असूं: नसलेलें मिळविणें तो योग आणि मिळालेलें राखणें तें क्षेम. अण्णासाहेबांनीं १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. १९०० सालीं तो पुण्याहून चार मैलांवरील हिंगण्यास गेला. अण्णासाहेब फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवीत. आजीव सभासदाचें वेतन बेताचें. त्यांतून मुरूड फंड, आश्रम, गरजू विद्यार्थी अशा सर्वांना वांटे निघत. अशा रीतीनें योग सारा जगासाठीं चालला होता. क्षेमाचें ओझें बायांच्या डोक्यावर होतें. शंकर, दिनकर आणि भास्कर हे त्यांचे तीन मुलगे. स्वतःच्या आयुष्याचा पांच हजार रुपयांचा विमा, जो उद्यां कांहीं बरेंवाईट झाल्यास बायकामुलांना आधार झाला असता, तोही अण्णासाहेबांनीं आश्रमाच्या नांवें करून दिला, तेव्हां बायांचा धीर सुटला व त्यांनीं संताप केला. हा संताप त्यांनीं लपवून ठेविला नाहीं, हें आम्हांस फार महत्त्वाचें वाटतें. 'पतीच्या कार्यांत सर्वस्वीं समरस झालेली साध्वी' या ठराविक चौकटींत त्यांना बसविणाऱ्यांनीं हा प्रसंग डोळ्यांआड करूं नये. आम्हांस विचाराल, तर दोन्ही पक्ष खरे होते. आणि दोन खऱ्या पक्षांच्या भांडणासारखें अवघड भांडण संसारांत दुसरें नाहीं. तीं मुलें शिकलीं, मोठीं झालीं. विम्याचे रुपये नसतांना तें कसें साधलें, हें बायांनाच ठाऊक.

याहून विलक्षण गोष्ट अशी कीं, पतीच्या आश्रमांत प्रथम बायांनाच राहतां आलें नाहीं. आश्रम विधवांच्या शिक्षणासाठीं होता. संस्थापकाची पुनर्विवाहित पत्नी तेथें वावरूं लागली, तर आपल्या मुलींना पुनर्विवाहाचीच दीक्षा मिळेल या भीतीनें आईबाप त्यांना पाठविणार नाहींत, असा विचार होता. म्हणून बाया मुलांसह पुण्यांत आणि अण्णासाहेब हिंगण्याच्या वाटेवर. याच आश्रमांत बायांची धाकटी, विधवा बहीण पार्वतीबाई आठवले मात्र राहिल्या, शिकल्या, कार्यकर्त्या झाल्या आणि निधीसाठीं थेट अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. एकाच आईच्या दोन लेकी! जिनें समाजाची चौकट मोडली ती दाराबाहेर, आणि जी चौकटींत राहिली तिच्या हातीं आश्रमाच्या किल्ल्या. या व्यवस्थेंत व्यवहाराचें शहाणपण होतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण त्याची किंमत कोणीं भरली, हेंही लिहून ठेवलें पाहिजे.

उतारवयांत बाया हिंगण्यासच राहिल्या, तेव्हां तें दार केव्हांच उघडें झालें होतें. थोरले शंकरराव डॉक्टर होऊन आफ्रिकेंत मोंबासा येथें गेले. दिनकरराव फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. भास्करराव हिंगण्याच्या संस्थेंत रमले. दिनकररावांच्या पत्नी इरावतीबाई बर्लिनची डॉक्टरेट घेऊन आल्या आणि मानववंशशास्त्रांत त्यांनीं नांव मिळविलें. चोविसाव्या वर्षीं शाळेची पायरी चढलेल्या सासूच्या घरांतील ही सून! त्यांच्या मुली जाई निंबकर आणि गौरी देशपांडे या दोघींनींही पुढें मराठींत व इंग्रजींत लेखन केलें.

बाया १९५० सालीं निवर्तल्या. वय पंच्याऐंशीच्या आसपास होतें. हिंगण्याच्या त्या परिसरास आज कर्वेनगर म्हणतात. अण्णासाहेब त्यांच्या मागें बारा वर्षें राहिले. १९५८ सालीं, शंभराव्या वर्षीं, त्यांना 'भारतरत्न' मिळालें. त्या दिवशीं बाया असत्या, तर त्यांनीं प्रथम काय विचारलें असतें, याची कल्पना करण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं: या पदकाबरोबर रोख रक्कम कांहीं आहे काय, आणि असल्यास, ती देऊन तर टाकली नाहींत ना?