पाण्यावरची चकाकी आणि पोलरायझर

कुरुंदवाडजवळच्या कृष्णा-पंचगंगा संगमाचा फोटो भर उन्हात काढला, की पाण्याच्या जागी नुसती पांढरी चकाकी उमटते. पाण्यावरून परावर्तित झालेल्या प्रकाशाची कंपने बहुतांशी आडवी असतात. पोलरायझर फिल्टर योग्य कोनात फिरवला की ती अडतात. पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांचा कोन साधला, तर परिणाम सर्वाधिक. दीडेक स्टॉप प्रकाश मात्र खर्ची पडतो.

खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातील स्वर्गमंडपाचे गणित वेगळे. खांब आणि वरचे उघडे गोल छत एकाच चौकटीत हवे, तर किट लेन्सचे १८ मिमीचे टोक कामी येते. त्याहून रुंद लेन्सवर पोलरायझर टाळावा. आकाश एकीकडे गडद, दुसरीकडे फिके दिसते.

यूव्ही फिल्टर डिजिटल कॅमेऱ्यात काचेच्या रक्षणापुरताच. खरेदीत मोठ्या मापाचा एकच चांगला फिल्टर आणि स्टेप-अप रिंगा घेणे स्वस्त पडते.