माल रोखणारे कोको-उत्पादक

कोकोवृक्ष मूळचा अमेरिका खंडातील उष्ण अरण्यांचा. पश्चिम आफ्रिकेतील गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, त्याच्या प्रसाराचे श्रेय टेटे क्वार्शी या लोहाराला दिले जाते. १८७९ मध्ये फर्नांडो पो बेटावरून परतताना त्याने कोकोच्या बिया आणल्या. १९११ पर्यंत हा प्रदेश कोको-उत्पादनात जगात पहिला ठरला.

कोकोचे फळ थेट खोडाला लगडते. ते फोडून पांढऱ्या गरासकट बियांचा ढीग केळीच्या पानांखाली पाच-सहा दिवस झाकतात. गर आंबतो, ढीग तापतो; बियांचा तुरटपणा उतरून चॉकलेटच्या स्वादाचा पाया येथेच पडतो. मग बिया उन्हात वाळतात. भाजणे, टरफल काढणे, साखरेसह दळणे हे कारखान्याचे काम. पण शेतकऱ्याच्या अंगणात बिघडलेला माल तेथे सुधारत नाही.

एवढी मेहनत ज्याची, त्याच्या हाती भाव मात्र नव्हता. १९३७ मध्ये युरोपीय खरेदीदार कंपन्यांनी आपसांत करार करून खरेदीतील चढाओढच मिटवली. गिऱ्हाइके एक झाली म्हणजे विकणाऱ्याची काय गत होते, हे व्यापारी कुटुंबांस सांगणे नको. शेतकऱ्यांनी माल रोखला. कंपन्यांच्या आयात मालावर बहिष्कार घातला. गावप्रमुख आणि दलालही त्यांच्या बाजूने उभे राहिले. दमट हवेत कोकोला बुरशी लागते. तरीही विक्री एप्रिल १९३८ पर्यंत बंद राहिली. ब्रिटिश सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. कराराला स्थगिती मिळाली, तेव्हाच पोती बंदराकडे निघाली.