लाखेचा थर आणि जवसाचे तेल

आमच्या वडिलांची गोंदियात धान्याची पेढी होती. रात्री रोजमेळ जुळला की ते मागल्या खोलीत रेकॉर्ड लावून बसत. १९७४ साली त्यांनी मुंबईहून दोन स्पीकर आणवले आणि त्यांच्या पेट्या गावातल्याच सुताराकडून करून घेतल्या : प्लायवूडवर सागाचा पातळ पापुद्रा आणि त्यावर चपडीचे पॉलिश. वडील गेले, पेट्या माळ्यावर गेल्या. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी त्या खाली उतरवल्या.

अवस्था वाईट होती. आपल्याकडील पावसाळी ओलीने खालच्या कडा फुगल्या होत्या, कोपऱ्यांचा पापुद्रा सुटला होता, पुढचे कापड विरले होते आणि एका पेटीच्या मागे बारीक छिद्रे दिसत होती. मुलगा म्हणाला, "बाबा, घासून काढून नवा रंग द्या." तेच सर्वांत सोपे होते.

प्रथम छिद्रांचा विचार केला. आत किडा जिवंत असेल, तर औषध घालणे मनाला पटेना. म्हणून पेटीखाली काळा कागद अंथरला. किडा लाकूड पोखरत असेल, तर पांढरट भुकटी खाली पडते. संपूर्ण पावसाळा वाट पाहिली. कागद कोरा राहिला. मग सागाचा भुसा गोंदात कालवून छिद्रे बुजवली. पूर्वी सुतार सरस वापरीत आणि सरस जनावरांच्या कातडी-हाडांपासून होतो. आज बाजारातील पांढरा कृत्रिम गोंद तेच काम करतो. सुटलेल्या पापुद्र्याखाली तो इंजेक्शनच्या पिचकारीने सोडला, वर मेणकागद व सपाट फळी ठेवून एक दिवस वजन दिले.

घासण्यापूर्वी स्पीकर काढून ठेवावेत आणि तारांच्या खुणा लिहून ठेवाव्यात. त्यांतील चुंबक लोखंडाचा कीस ओढून घेतो. तो कीस फटीत शिरला, तर आवाज कायमचा खरखरतो. पापुद्रा एका मिलिमीटरहूनही पातळ असतो. जोराने घासले, तर खालचे प्लायवूड उघडे पडते आणि मग उपाय उरत नाही. पुढच्या नव्या कापडातून तोंडाने फुंकर सहज पार झाली, तरच ते योग्य समजावे.

खरा पेच पॉलिशचा होता. झाकल्या जागी स्पिरिटचा बोळा फिरवताच थर चिकट झाला, म्हणजे ती चपडीच. चपडी ही लाखेपासून होते आणि लाख पळस, कुसुम अशा झाडांवर राहणाऱ्या कीटकांपासून. काडीवरून लाख खरवडताना असंख्य जीव जातात. म्हणूनच श्रावकांना वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्याचा समावेश आहे. गोंदियाच्या बाजाराला लाखेचा व्यापार अपरिचित नाही. एवढेच कशाला, ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डसुद्धा लाखेच्याच असत. ज्या भक्तिगीतांनी आमचे बालपण भरले, तीही त्याच लाखेवर कोरलेली होती, हे मला साठीनंतर उमगले.

मग काय करावे? जुनी चपडी पूर्ण खरवडावी, तर वडिलांच्या हाताचा स्पर्श गेला. नवी चढवावी, तर नव्या हिंसेला मागणी दिली. येथे बँकेतील शिस्त कामी आली. हिशेबात चुकलेली नोंद खोडत नाहीत. दुरुस्तीची नोंद वेगळी करतात. मी जुना थर जेथे शाबूत होता, तेथे तसाच राहू दिला. जेथे लाकूड उघडे पडले होते, तेथे आपल्या विदर्भात पिकणाऱ्या जवसाचे उकळलेले तेल कापडाने पातळ लावले, पुसून घेतले आणि पूर्ण वाळल्यावर पुन्हा लावले. असे चार वेळा. एक सावधगिरी मात्र हवी. तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवल्यास त्या आपोआप पेटू शकतात. त्या पाण्यात भिजवाव्यात किंवा मोकळ्या पसरून वाळवाव्यात.

दोन्ही भागांच्या छटा आज वेगळ्या दिसतात. पाहुणे विचारतात, "हा डाग राहून गेला का?" मी सांगतो, ती दुरुस्तीची नोंद आहे. वस्तू टिकवली म्हणजे नवे झाड तोडावे लागत नाही. पण ती टिकवताना कोणाचा जीव खर्ची पडतो, हेही आपल्याच वहीत लिहिले जाते.

आता रात्री त्या पेट्यांतून पुन्हा आवाज येतो. नात विचारते, "आजोबा, हे कोणाचे?" मी म्हणतो, "तुझ्या पणजोबांचे, थोडे माझेही."