जीवामृत म्हणजे खत नव्हे, विरजण



मागच्या आठवड्यात आपल्या एका सभासद ताईंनी परसबागेतल्या टोमॅटोचा फोटो पाठवला. खालची पानं फिक्कट पिवळी, शेंडा बारीक, फुलगळ चालू. सोबत व्हॉइस मेसेज होता, "मॅडम, दर आठवड्याला जीवामृत घालते. तरी झाडाला जोर का नाही?"

मी विचारलं, लागवडीच्या वेळी शेणखत किती घातलं होतं?

"शेणखत नाही घातलं. जीवामृत आहे ना!"

असाच प्रश्न या हंगामात बऱ्याच जणांनी विचारला, म्हणून आज सविस्तर लिहिते. मेसेज मोठा आहे, पण बादली भरण्याआधी एकदा पूर्ण वाचा. शेवटी पालेभाजीबद्दल लिहिलंय, ते तर घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

*१) मुळात हे आहे काय?*

दही लावताना आपण दुधात चमचाभर विरजण घालतो. दही दुधाचं होतं, विरजण फक्त काम सुरू करून देतं. दूधच नसेल तर नुसत्या विरजणानं पातेलं भरत नाही.

जीवामृत, कंपोस्ट चहा, गांडूळ खताचं पाणी ही सगळी विरजणं आहेत. यात जिवाणू आणि बुरशी असतात. जमिनीतलं शेणखत, पालापाचोळा, पिकाचे अवशेष हे त्यांचं दूध. ते कुजवून त्यातलं अन्न झाडाला मिळेल अशा रूपात आणणं हे त्यांचं काम. जमिनीत सेंद्रिय पदार्थच नसेल तर ते कुजवणार काय?

*२) जरा हिशोब मांडू*

सुभाष पाळेकरांच्या पद्धतीतलं जीवामृत आपल्याला माहीत आहे. २०० लिटर पाणी, १० किलो ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. यात नत्र किती, ते बघा.

• १० किलो ताजं शेण : साधारण ३० ते ४० ग्रॅम
• १० लिटर गोमूत्र : साधारण ८० ते १०० ग्रॅम
• २ किलो बेसन : साधारण ७० ग्रॅम
• गूळ : जवळजवळ काहीच नाही

सगळं मिळून झालं साधारण २०० ग्रॅम. एवढं नत्र अर्धा किलोपेक्षाही कमी युरियात असतं. म्हणजे पूर्ण ड्रममध्ये २०० ग्रॅम, एका लिटरमध्ये १ ग्रॅम. ते दहापट पाण्यात मिसळून झाडाला लिटरभर दिलं, तर त्या झाडाच्या वाट्याला आलं एक दशांश ग्रॅम.

याउलट २ किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात साधारण १० ग्रॅम नत्र असतं. ते एकदम मिळत नाही, हळूहळू मिळतं. पण असतं.

ताईंच्या टोमॅटोला रोग नव्हता. झाड उपाशी होतं. खालची, म्हणजे जुनी पानं आधी पिवळी पडली, ही नत्र कमी पडल्याची खूण. आता त्यांनी प्रत्येक झाडाच्या बुडाभोवती दोन ओंजळी गांडूळ खत घालून वर पाचटाचं आच्छादन केलंय. जीवामृत बंद करायला मी सांगितलं नाही. *आधी दूध, मग विरजण,* एवढंच सांगितलं.

*३) परसबागेसाठी बादलीभर जीवामृत*

दहा-वीस झाडांसाठी २०० लिटरचा ड्रम लागत नाही. उरलेलं नासतं आणि वास सुटतो. प्रमाण दहा पटीनं कमी करा.

• पाणी : २० लिटर
• ताजं शेण : १ किलो
• गोमूत्र : अर्धा ते १ लिटर
• गूळ : २०० ग्रॅम (काळा, जुना गूळ चालतो)
• बेसन : २०० ग्रॅम
• बांधावरची किंवा जुन्या झाडाखालची माती : चिमूटभर. जिथं तणनाशक मारलंय तिथली नको.

भांडं प्लॅस्टिकचं आणि वर चार बोटं रिकामं राहील असं घ्या. सावलीत ठेवा. तोंडाला गोणपाट किंवा सुती कापड बांधा, म्हणजे माश्या बसणार नाहीत. लहान मुलं खेळतात तिथं ठेवू नका. सकाळ-संध्याकाळ काठीनं तळापासून ढवळा. उन्हाळ्यात दोन दिवसांत तयार होतं, थंडीत तीन-चार दिवस लागतात. तयार झाल्यावर आठवडाभरात संपवा.

नळाचं पाणी वापरत असाल तर लक्ष द्या. ग्रामपंचायत पाण्यात टीसीएल पावडर टाकते ती जंतू मारण्यासाठीच. ते पाणी आपल्या कामाचे जिवाणूही मारतं. असं पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात एक दिवस उघडं ठेवा, मग वापरा. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी लगेच चालतं.

*४) कंपोस्ट चहा : हा वेगळा प्रकार*

जीवामृत हे आंबवण आहे. कंपोस्ट चहा हवेवर चालतो. दोन्हींत घोटाळा करू नका.

१५ लिटर पाण्यात १ किलो पूर्ण कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळ खत सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधून सोडा. फिश टँकचा छोटा एअर पंप घ्या, त्याची नळी तळापर्यंत सोडा आणि २४ तास चालू ठेवा. पाणी चहाच्या रंगाचं झालं की पुरचुंडी पिळून काढा. पंप बंद केल्यापासून *चार तासांच्या आत* वापरा. लाईट गेली तर दर अर्ध्या तासानं एका बादलीतून दुसऱ्या बादलीत उंचावरून ओता, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. पुरचुंडीतला चोथा झाडाच्या बुडाशी घाला, वाया घालवू नका.

यात गूळ घालायचा नाही. कारण पुढच्या मुद्द्यात.

*५) गूळ वाढवला की काय होतं?*

"गूळ जास्त घातला की जिवाणू जास्त होतात" असं बरेच जण म्हणतात. होतात, पण कुठले? २५ अंश तापमानाला एक लिटर पाण्यात फक्त ८ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो. २० लिटरमध्ये झाला जेमतेम दीड-दोन दशांश ग्रॅम. गूळ मिळाल्यावर जिवाणू एवढा प्राणवायू बघता बघता संपवतात. त्यानंतर बिनहवेचे, सडवणारे जिवाणू जोर धरतात. शेणातून आलेले आपल्या पोटाला बाधणारे जिवाणू असतील, तर गुळावर तेही वाढतात. म्हणून जीवामृतात ठरलेल्यापेक्षा जास्त गूळ नको आणि कंपोस्ट चहात अजिबात नको.

*६) नाकानं ओळखा*

✅ कंपोस्ट चहाला पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास : उत्तम.
✅ जीवामृताला आंबूस, थोडा ताकासारखा वास आणि वर फेस : तयार आहे.
❌ सडक्या अंड्याचा किंवा गटाराचा वास : झाडाला देऊ नका. कंपोस्टच्या ढिगावर ओता, वर पालापाचोळा टाका. ढीग ते पचवतो.
❌ डोळ्यांना झोंबणारा उग्र वास : गोमूत्र जास्त झालंय. रोपं करपतील.

ही शेवटची खूण मी स्वतःच्या चुकीतून शिकले. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. सुट्टीत घरी आले आणि शहाणपणा दाखवायला पाच लिटरच्या कॅनमध्ये घट्ट मिश्रण केलं. गोमूत्र अंदाजानं ओतलं, झाकण घट्ट लावलं. तिसऱ्या दिवशी कॅन फुग्यासारखा फुगला. झाकण सैल केलं तर अर्धं मिश्रण अंगावर. उरलेलं पाण्यात न मिसळता आईच्या मिरचीच्या वाफ्यात घातलं. चार दिवसांत दोन वाफे रोपं करपली. आई काही बोलली नाही. बाजारातून रोपं विकत आणली आणि लावली. अजूनही मी काही सांगायला लागले की विचारते, "मोजून सांगतेस ना?"

म्हणून *झाकण कधीच घट्ट लावू नका आणि प्रत्येक गोष्ट मोजून घ्या.* मोठ्या स्लरीच्या टाकीत किंवा गोबरगॅसच्या खड्ड्यात सफाईसाठी उतरू नका, आत डोकावूही नका. तिथल्या वायूनं माणूस क्षणात बेशुद्ध होतो आणि वाचवायला गेलेलाही आत पडतो.

*७) द्यायचं कसं?*

• आधी साधं पाणी द्या. ओल असलेल्या मातीतच जिवाणू टिकतात.
• वेळ संध्याकाळची. भर उन्हात नको.
• मोठ्या झाडांना १ लिटर जीवामृत १० लिटर पाण्यात, झाडाला अर्धा ते एक लिटर. लहान रोपांना १ लिटर २० लिटर पाण्यात.
• दर १५ दिवसांनी एकदा पुरे.
• कंपोस्ट चहा तितक्याच पाण्यात मिसळून मुळाशी द्या.
• वर आच्छादन हवंच. उघड्या तापलेल्या मातीत घातलेलं जीवामृत फुकट जातं.
• ड्रिपमधून सोडायचं असेल तर दुहेरी कापडानं गाळा आणि नंतर १५ मिनिटं साधं पाणी चालवा. नाहीतर ड्रीपर चोक झाल्याचा फोन मलाच येतो.
• तांब्याचं बुरशीनाशक दिलं असेल तर आठवडाभर थांबा. ते बुरशी आणि जिवाणू मारण्यासाठीच असतं, त्याला आपला-परका कळत नाही.

आणखी एक. कंपोस्ट चहानं करपा, भुरी हमखास थांबते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. प्रयोगांत कधी फायदा दिसतो, कधी काहीच दिसत नाही. रोग दिसला की फोटो पाठवा, त्यावरचा उपाय वेगळा सांगेन.

*८) पालेभाजी : इथं हयगय नको*

कोथिंबीर, पालक, मेथी, कांद्याची पात, मुळा, गाजर यांवर *जीवामृत फवारू नका.* उभ्या पिकाच्या वाफ्यातही सोडू नका. ताज्या शेणात जुलाब, उलट्या, ताप आणणारे जिवाणू असू शकतात. कोथिंबीर आपण शिजवत नाही, वरून भुरभुरवतो. मुळा-गाजर तर कच्चंच खातो. धुतल्यावर माती निघते, पण पानाच्या बेचक्यात बसलेले सगळे जिवाणू निघतातच असं नाही.

अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत कच्चं शेण घातल्यानंतर, खायचा भाग मातीला लागणाऱ्या पिकासाठी काढणीपर्यंत १२० दिवसांचं अंतर ठेवावं लागतं. बाकी खाण्याच्या पिकांसाठी ९० दिवसांचं. आपली मेथी महिन्याभरात जुडीत येते. म्हणजे या पिकाला ताजं शेण बसतच नाही. पालेभाजीला पेरणीपूर्वी पूर्ण कुजलेलं खत घाला. असं खत, ज्याचा ढीग आतून हात ठेववणार नाही इतका तापला होता, दोन-चार वेळा पलटला होता आणि आता थंड, भुसभुशीत, बिनवासाचा झालाय.

टोमॅटो, वांगी, मिरची, दोडका यांना जीवामृत मुळाशीच द्या. फळांवर उडवू नका. जमिनीला टेकलेली फळं वर बांधून घ्या. काम झाल्यावर हात साबणानं धुवा. त्याच बादलीनं पिण्याचं पाणी भरू नका.

संकलन केंद्रावर पालेभाजी देणाऱ्यांना विशेष विनंती. तुमची जुडी कुणाच्या तरी घरातलं लहान मूल खाणार आहे. तुमच्या घरात जी जुडी चालेल, तीच गाडीत भरा.

*९) माझ्यावर विश्वास ठेवू नका, करून बघा*

एकाच दिवशी लावलेली आठ झाडं निवडा. आठही झाडांना सारखं शेणखत आणि सारखं आच्छादन. चार झाडांना दर १५ दिवसांनी जीवामृत, चारांना तेवढंच साधं पाणी. काठीला रंगीत चिंधी बांधून खूण करा. पहिलं फूल कधी आलं आणि फळं किती किलो निघाली, वहीत लिहा. दोन महिन्यांनी तुमच्या जमिनीचं उत्तर तुमच्याच वहीत असेल.

फरक दिसला तर चालू ठेवा. नाही दिसला तर तो वेळ आणि गूळ-बेसनाचे पैसे शेणखतात घाला. दोन्ही उत्तरं कामाचीच आहेत.

वहीच्या पानाचा फोटो याच नंबरवर पाठवा. बादलीबद्दल शंका असेल तर पाण्याचा रंग दिसेल असा फोटो आणि वास कसा येतोय ते व्हॉइस मेसेजमध्ये सांगा. फोटोतून मला वास येत नाही 🙂

आपली,
कृषी सल्लागार