परसातलं फळ उतरवायचं कधी?

घरच्या आंब्याबाबत दोन चुका हमखास होतात. झाडावरच फळ पिवळं होईल म्हणून आपण थांबतो आणि सकाळी झाडाखाली वटवाघळांनी चोखलेल्या कोयी मिळतात. नाहीतर सुट्टी संपत आली म्हणून घाईने आंबे काढतो. ते घरी सुरकुततात, मऊ पडतात, पण आंबटच राहतात.

दोन्हीवर उपाय एकच: फळ तयार होणं आणि फळ पिकणं या वेगळ्या अवस्था आहेत, हे आधी ध्यानात घ्यायचं. तयार होताना फळ झाडाकडून अन्न घेतं आणि ते पिष्टाच्या, म्हणजे स्टार्चच्या रूपात गरात साठवतं. पिकताना त्या पिष्टाची साखर होते. हे काम इथिलीन सुरू करतं. हा फळातूनच सुटणारा एक वायू असतो. पिकणं घरात होऊ शकतं, साठवण मात्र फक्त झाडावर होते. म्हणून अपुरं वाढलेलं फळ कितीही दिवस ठेवलं तरी गोड होत नाही.

आंबा, चिकू, सीताफळ, फणस, पपई, केळं ही काढल्यावर पिकणारी फळं. अननस, डाळिंब, मोसंबी यांची गोडी काढल्यावर वाढत नाही. ती झाडावरच पूर्ण होऊ द्यावी लागतात.

आंब्यापासून सुरुवात करू. पहिली खूण दिवसांची. हापूसला फळ धरल्यापासून साधारण चार महिने लागतात. पण मोहोर एकदम येत नाही, दोन-तीन वेळा फुटतो. त्यामुळे एकाच झाडावर वेगवेगळ्या वयाचे आंबे असतात. सगळं झाड एका दिवसात उतरवलं, की निम्मे आंबे कोवळे निघतात. दोन-तीन तोडण्या कराव्यात.

दुसरी खूण खांद्यांची, आणि माझ्या मते सर्वांत भरवशाची. कोवळ्या फळाचे खांदे देठापासून खाली उतरते असतात. फळ भरलं की ते वर येतात आणि देठ लहानशा खळग्यात बसल्यासारखा दिसतो. याच वेळी सालीचा गडद हिरवा रंग फिकट होतो. लालीवर मात्र विसंबू नका. काही जातींत उन्हाकडची बाजू कोवळेपणीच लालसर होते.

तिसरी खूण पाडाची. झाडावरच पिकलेले एक-दोन आंबे आपोआप गळू लागले, की झाड पाडाला आलं म्हणतात. इथेही फसगत होते. फळमाशीने डंख केलेले आंबे वेळेआधीच पिवळे होऊन पडतात. पडलेलं फळ कापून बघा. आत अळी असेल तर तो पाड नव्हे.

तरीही शंका उरली तर एक आंबा काढून कापा. कोय सुरीला दाद देत नसेल आणि तिच्याभोवतीचा गर पांढऱ्याचा पिवळसर झाला असेल, तर त्या वयाची फळं काढायला हरकत नाही. काढलेली फळं बादलीभर पाण्यात सोडूनही पारखता येतात: भरलेला आंबा बुडतो, कोवळा तरंगतो.

काढताना आंबा ओढू नका, काठीने झोडपू नका. झेल्याने, म्हणजे काठीला जाळी लावलेल्या साधनाने, काढा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘नूतन झेल्या’ला पातं असतं, त्यामुळे फळ देठासकट कापलं जातं. दोन-तीन बोटं देठ राहू द्यावा. तो तुटला की चीक उडतो, सालीवर काळे डाग पडतात आणि तिथूनच कूज सुरू होते.

हापूसवाल्यांनी साक्याचीही काळजी घ्यावी. बाहेरून देखणा दिसणाऱ्या आंब्याचा आतला गर पांढरट, आंबट आणि भुसभुशीत होतो, तो साका. फळ झाडावर फार काळ ठेवलं किंवा काढून तापलेल्या जमिनीवर टाकलं की त्याचं प्रमाण वाढतं. म्हणून सकाळी दहाच्या आत तोडणी करा आणि फळं लगेच सावलीत न्या. एखादा आंबा थोडा आधी उतरला तर चालेल, पण हापूस पिकेपर्यंत झाडावर ठेवणं बरोबर नाही.

मग आढी. भाताच्या पेंढ्यावर आंबे एका थरात मांडावेत, वर पुन्हा पेंढा घालावा, खोलीत हवा खेळती ठेवावी. आठ-दहा दिवसांत घर दरवळू लागतं. कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीने साल काळवंडते आणि आंबा नीट पिकत नाही. घाई असली तर एखादं पिकलं केळं जवळ ठेवा, त्याचं इथिलीन पुरतं. कार्बाइडची पूड मात्र घरात आणू नका. फळं पिकवायला ती वापरण्यावर कायद्याने बंदी आहे, आणि ते योग्यच आहे.

चिकू सगळ्यांत अवघड, कारण त्याचा रंग फारसा बदलत नाही. वर फुलं, लहान फळं आणि तयार फळं एकाच फांदीवर असतात. मोठा दिसला म्हणून काढलेला चिकू बरेचदा कच्चा निघतो: आत गाठी राहतात, जीभ चिकट आणि तुरट होते. अंगठ्याने साल चोळून बघा. तयार फळाची तपकिरी पूड सहज झडते. मग नखाने अगदी हलका ओरखडा काढा. खाली हिरवं दिसलं किंवा दुधासारखा चीक भरभर आला, तर थांबा. फिकट पिवळसर दिसलं, तर काढा. टोकाचा वाळका काटाही तोवर गळालेला असतो.

सीताफळाचे डोळे बघायचे. ते फुगून एकमेकांपासून सुटतात आणि मधल्या खाचा पिवळसर पांढऱ्या होतात. त्याआधी काढलेलं फळ दगडासारखं राहतं, काळं पडतं. उशीर केला तर ते झाडावरच तडकतं आणि पक्षी, मुंग्या आधी पोचतात. वेळेवर काढलेलं सीताफळ तीन-चार दिवसांत पिकतं.

फणसाचे काटे लांब-लांब पसरतात आणि बोथट होतात. थापटल्यावर कोवळा फणस टणक वाजतो, तयार झालेला बद्द वाजतो. देठाजवळचं पान पिवळं पडणं हीही चांगली खूण. उंचावरचा फणस दोरी बांधून उतरवा. पडला की तिथला गर नासतो. मऊ गऱ्यांचा बरका फणस पिकेपर्यंत झाडावर राहिला तर खाली पडून फुटतोच, म्हणून घट्ट गऱ्यांच्या काप्यापेक्षा त्याच्यावर जास्त लक्ष ठेवावं.

पपईला पहिली पिवळी रेघ दिसली, की काढायला हरकत नाही. तोवर तिचा चीकही दाट पांढऱ्याचा पाणीदार झालेला असतो. पूर्ण हिरवी काढली तर ती भाजीच्या उपयोगाची.

अननसाला मात्र घाई चालत नाही. डोळे चपटे व्हावेत, पिवळेपणा बुडापासून वर चढू लागावा आणि बुडाशी गोड वास यावा, तोवर तो झाडावरच ठेवा. मग थोडा दांडा राखून कापा आणि दोन-तीन दिवसांत खाऊन टाका.